ओळंबाकाका

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवी कामवाली लागली, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं किंवा मुलुंड पूर्वेच्या स्टेशनबाहेर नवा डोसेवाला उभा राहिला, की दुसऱ्या मजल्यावरचे काका एकच वाक्य बोलतात. "२८ दिवस जाऊ देत."

नव्या माणसाला वाटतं, काही व्रतबित असेल. तसं नाही. काका सिव्हिल इंजिनिअर आहेत. स्लॅब टाकताना त्याच मालाचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात, साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. काही क्यूब सातव्या दिवशी यंत्रात घालून फोडायचे, उरलेले अठ्ठाविसाव्या दिवशी. सातव्या दिवसापर्यंत साधारण दोन-तृतीयांश ताकद आलेली असते, पण सही होते ती अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आकड्यावर. "सातव्या दिवशी सगळेच बरे दिसतात रे," काका सांगतात, "आमचा जावईसुद्धा दिसला होता."

यावर आतून काकूंचा आवाज येतो, "आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. माझा रिपोर्ट अजून यायचाय."

फोडायचे राहून गेलेले सात-आठ क्यूब काकांच्या घरात आहेत. चारांवर तुळशीची कुंडी, एकावर काकूंचा पाटा-वरवंटा, आणि एक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी. एकेक आठ किलोचा. पाहुण्याचा अंगठा त्यावर आपटला की काका लगबगीने खाली वाकतात आणि क्यूबची कड उडाली नाही ना ते बघतात. पाहुण्याला पाणी काकू देतात.

पोरं त्यांना ओळंबाकाका म्हणतात, ते त्यांच्या पिशवीतल्या पितळी ओळंब्यावरून. पहिल्या साइटवरच्या म्हाताऱ्या गवंड्याने दिलेला. पिशवीत चष्मा नसेल, बीपीची गोळी नसेल, पण ओळंबा असतो. तो कुठे बाहेर निघेल सांगता येत नाही. लग्नाच्या मांडवाचा खांब, सार्वजनिक गणपतीचं मखर, दवाखान्यातली डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची फ्रेम. दोरी सोडण्याआधी हुकूम सुटतो, "पंखा बंद करा." मे महिना असो, वऱ्हाड घामाने निथळत असो, ओळंबा हलायचा थांबेपर्यंत पंखा बंद. काका श्वास रोखून उभे, त्यांच्याबरोबर आपणही. मग निकाल येतो, "बारा मिलिमीटर बाहेर आहे." पुढे काय करायचं ते सांगत नाहीत. "मी फक्त निरीक्षण नोंदवतो," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

ही निरीक्षणं नोंदवायला त्यांच्याकडे लेटरहेड आहे. आमच्या उपनगरातल्या अभियंत्यांच्या संघटनेचे काका मानद सचिव. कधीपासून, ते घटनेची पहिली प्रत बघितल्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, आणि ती प्रत काकांच्याच कपाटात आहे. सभासदांची यादी लांबलचक आहे. त्यातले हयात किती, हा प्रश्न काका ‘आयत्या वेळच्या विषयां’तसुद्धा येऊ देत नाहीत.

तशी मोठी संस्था हाजीअलीला आहेच. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स. १९२० साली कलकत्त्यात स्थापन झालेली, १९३५ साली रॉयल चार्टर मिळालेली. तिचं महाराष्ट्र केंद्र हाजीअलीजवळ. पण मुलुंडहून तिथे जायचं म्हणजे दादरला गाडी बदला, महालक्ष्मीला उतरा, पुढे चालत जा. पासष्टीच्या गुडघ्यांसाठी जवळपास काहीतरी असावं, या उदात्त हेतूने उपनगरातलं मंडळ निघालं. काका अर्थात दोन्हीकडे जातात. हाजीअलीला व्याख्यान असलं की पहिल्या रांगेत बसतात आणि प्रश्नोत्तरांत असा प्रश्न विचारतात की तो संपेपर्यंत वक्त्याला आपलं उत्तर आठवत नाही.

या संस्थेबद्दल त्यांच्यासमोर थट्टेने बोललेलं मात्र चालत नाही. कारण काका कॉलेजात जाऊन इंजिनिअर झालेले नाहीत. वडील गिरणीत, पाठीवर तीन भावंडं. डिप्लोमा करून पाणीखात्यात चिकटले आणि पदवी बाहेरून, या संस्थेच्या ए.एम.आय.ई.च्या परीक्षा देऊन मिळवली. सेक्शन ए, मग सेक्शन बी, नोकरी सांभाळून नऊ वर्षं. अभ्यास बराचसा लोकलमध्ये. हाताने दांडी धरलेली, त्यामुळे पुस्तक समोरच्या माणसाच्या पाठीवर टेकवायचं. घाटकोपरचा एक कापडवाला रोज मुद्दाम पाठ करून उभा राहायचा आणि पान उलटायच्या वेळी खांदा जरा वर करायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण निकाल लागला त्या दिवशी पेढ्यांचा पुडा त्यानेच आणला होता. "माझी निम्मी पदवी त्या पाठीवर लिहिलेली आहे," काका म्हणतात, आणि एवढं एकच वाक्य बोलताना त्यांच्या हातात टेप नसते.

म्हणून त्यांच्या दारावरच्या पाटीत नाव लहान आणि पुढची अक्षरं मोठी आहेत. कुरिअरवाला पोरगा ती अक्षरंच आडनाव समजतो. २०१३ च्या मे महिन्यानंतर नाव नोंदवणाऱ्यांची ए.एम.आय.ई. सरकार पदवीच्या बरोबरीची धरत नाही, हे कळलं तेव्हा काका दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. स्वतःची शाबूत होती, तरीसुद्धा.

त्यांचा मुलगा सिअॅटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला सभासदत्व द्यावं की नाही, यावर मंडळात दोन कार्यकारिणी सभा खर्ची पडल्या. विरोधात सर्वांत जोरात बोलले ते काकाच. "याचं काम कोसळलं की हा म्हणतो, रीस्टार्ट करा. पूल रीस्टार्ट करता येतो का?" ठराव फेटाळला गेला. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर असलेली बोरिवलीची एक मुलगी नियमातली फट शोधून सभासद झाली. तिने आल्या आल्या वर्गणीचा ऑनलाइन फॉर्म तयार केला. काकांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्या फॉर्मच्या शंभर प्रिंट काढून पोस्टाने पाठवल्या.

मंडळाच्या भाड्याच्या खोलीचं छत पावसाळ्यात गळतं, हे मी सांगितलंच पाहिजे का? गळतं. खाली बसणारे सगळे सिव्हिलचे, एक मेकॅनिकल सोडून. कारणमीमांसा समिती नेमली गेली, तिच्या अहवालाला दोन असहमतीच्या टिपा जोडल्या गेल्या. तोवर शिपायाने बादली ठेवली होती. शेवटी घरमालकाचा मिस्त्री वर गेला, डांबर फासून आला. काकांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘तात्पुरती उपाययोजना करण्यात आली.’ त्याला आता आठ पावसाळे झाले. मंडळाच्या स्मरणिकेत वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या जाहिराती सर्वांत जास्त असतात, हा निव्वळ योगायोग.

स्मरणिका निघते अभियंता दिनाला. १५ सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. पण दर दोन-तीन वर्षांनी तो नेमका गणपतीत येतो, आणि गणपतीत मुलुंडला हॉल मिळवणं हे धरण बांधण्याहून अवघड. मग अभियंता दिन बावीस किंवा एकोणतीस सप्टेंबरला होतो आणि काका प्रास्ताविकात म्हणतात, "कामाला मुदतवाढ मिळाली आहे." हशा ठरलेला. त्यानंतर विश्वेश्वरय्या आपले कसे, हे सिद्ध करणंही ठरलेलं. जन्म म्हैसूरकडचा असेल, पण शिकले कुठे? पुण्याच्या सायन्स कॉलेजात. पहिली नोकरी? मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशकाला. आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसवले कुठे? खडकवासल्याला, १९०३ साली. "आणि माणूस शंभर वर्षं जगला. एकही तडा नाही!"

विश्वेश्वरय्यांच्या मागोमाग मोडक येतात. मुंबईत पुढाऱ्यांच्या नावाचे चौक किती, नटांच्या नावाचे रस्ते किती, याची काका बोटं मोडत उजळणी करतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "इंजिनिअरच्या नावाचं काय आहे?" मागच्या रांगेतून म्हातारे एका सुरात म्हणतात, "मोडकसागर!" वैतरणेवरचं हे धरण १९५७ पासून मुंबईला पाणी देतंय आणि ते नाव आहे महापालिकेचे इंजिनिअर नानासाहेब मोडक यांचं. ‘सागर’ मुळे पुष्कळांना ते एखाद्या संताचं किंवा राजाचं वाटतं. काका पाणीखात्यातले, त्यामुळे पहाटे नळाला पाणी आलं की काकूंना हाक मारून सांगतात, "अहो, मोडक आले!" त्यात वैतरणेचं किती आणि भातसाचं किती, ते नळ काही सांगत नाही. पहिल्यांदा ही हाक ऐकून त्यांच्या सुनेने घाईघाईने चहाचं आधण ठेवलं होतं.

काकांचा खरा मानभंग मी एकदाच पाहिला. अंधेरीच्या गोखले पुलाच्या वेळी. जुन्या पुलाचा पादचारी भाग जुलै २०१८ मध्ये रुळांवर पडला होता. मग पूल पाडला, नवा बांधला, आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू सुरू झाली. तेव्हा सगळ्या मुंबईला दिसलं की शेजारचा बर्फीवाला पूल खाली आणि गोखले पूल वर. दोघांच्या मध्ये माणूसभर उंचीची फट. रुळांवर जास्त उंची सोडायचा रेल्वेचा नवा नियम आला होता, म्हणून नवा पूल वर गेला होता. पण हे ऐकायला कुणाला सवड? पंधरा दिवस सगळ्यांच्या फोनवर एकच चित्र, वर काहीतरी विनोद, खाली ‘इंजिनिअर’ हा शब्द. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी पुलाला शिडी लावलेलं चित्र टाकलं. काका ग्रुपमधून बाहेर पडले.

मग त्यांनी मंडळाची ‘तांत्रिक अभ्यासभेट’ काढली. सहा निवृत्त इंजिनिअर आणि ओझं उचलायला मी. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. मेट्रोत सहाही जण खिडकीशी उभे, खाली वाकून खांब मोजत. २०१४ साली सुरू झालेली ही साडेअकरा किलोमीटरची लाइन त्यांनी निदान पन्नास वेळा पाहिली असेल, पण पश्चिम द्रुतगती मार्गावरचा केबलवाला पूल आला की अजूनही सगळे गप्प होतात, आरतीच्या वेळी होतात तसे.

अंधेरीला पुलाखाली उभं राहून काका कितीतरी वेळ नुसते वर बघत होते. एक रिक्षावाला थांबला. "काका, जोडणार का तुम्ही?" काकांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि अख्खं प्रकरण समजावून सांगितलं: रेल्वेचा नियम, उतार, गर्डर, जॅक. रिक्षावाला ऐकत राहिला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे होईल." काका म्हणाले, "होईल. न व्हायला काय झालं?" परतीच्या मेट्रोत ते मला हळूच म्हणाले, "चूक कुणाची ते समिती बघेल. पण दोन ड्रॉइंगं एका टेबलावर ठेवायला काय लागतं रे? टेबल." हे इतिवृत्तात आलं नाही.

व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला गेला, एका बाजूने तेराशे सत्त्याण्णव मिलिमीटर, दुसरीकडून साडेसहाशे. जुलैच्या ४ तारखेला गाड्या सुरू झाल्या. त्या रात्री काका बिल्डिंगच्या ग्रुपमध्ये परत आले. एकच संदेश, दोन्ही आकड्यांसकट, मिलिमीटरमध्ये. खाली शिडीवाल्याचं नाव घेऊन, ‘कृपया नोंद घ्यावी.’

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, निरुपद्रवी गृहस्थ आहे, पेन्शन खातो, पत्रकं काढतो. मलाही तसंच वाटायचं. आमच्या हॉलच्या भिंतीला तडा गेला तेव्हा मी थट्टेनेच त्यांना बोलावलं. काकांनी तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि खाली पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकेल. नाही तडकली तर तडा वाढत नाहीये. "२८ दिवस बघू," म्हणाले. काच अजून शाबूत आहे. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, ही काढू का? मी नको म्हटलं.

त्याच पावसाळ्यात, रात्री दोनच्या सुमाराला, मागच्या गल्लीतली पोरं काकांचं दार वाजवत आली. त्यांच्या जुन्या तीन मजली इमारतीत खालच्या खांबातून काहीतरी कडकड वाजलं होतं. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, पण या इमारतीचं ‘पुढच्या महिन्यात’ चाललं होतं, किती महिने ते विचारू नका. काका बनियनवर रेनकोट चढवून गेले. मी टॉर्च धरला होता. काकांनी खांबाला हात लावला, सुटलेलं प्लास्टर बोटाने ढकललं. आतली सळई गंजून फुगली होती, नुसती पापुद्र्यांची. त्यांनी ओळंबा काढलाच नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातून विचारलं, "सकाळी बघितलं तर चालेल ना हो?"

"नाही. आत्ता," काका म्हणाले. "आजी, गॅस बंद करा, कागद घ्या, चला. आत्ता."

इतका चढा आवाज मी त्यांचा आयुष्यात ऐकला नव्हता. नऊ बिऱ्हाडं बाहेर काढली. शेजारच्या साइटवरून रखवालदाराला उठवून लोखंडी टेकू आणवले आणि काकांनी ते एकेक स्वतः ठोकून लावून घेतले. वॉर्डातली माणसं येईपर्यंत भर पावसात रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले, कुणी परत आत जाऊ नये म्हणून. एक बाई कुकर विसरला म्हणून निघाली तेव्हा तिला म्हणाले, "माझा घेऊन जा." आणि खरंच दिला. काकू अजून नवा मागतायत. सकाळी त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर दीड पानाचं ‘निरीक्षण’ लिहिलं, तीन प्रती काढल्या, फी घेतली नाही, आणि त्यानंतर आठवडाभर तापाने फणफणले. इमारत पुढे रिकामी करून उतरवली. त्या लोकांनी पेढे आणले, तेव्हा काका पुड्याकडे बघतच राहिले. कापडवाल्याची आठवण झाली असावी, पण बोलले एवढंच, "घाटकोपरचे दिसतात."

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस दरवर्षी सारखीच असते. सभा सायंकाळी पाच वाजता. गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी साडेपाच वाजता, आणि त्या सभेला गणसंख्येचं बंधन नाही. त्यामुळे पाचला कुणीच येत नाही. सगळे साडेपाचला येतात, कारण बटाटेवडे पावणेसहाला असतात. सभेत काका राजीनाम्याची घोषणा करतात, तरुणांनी पुढे यावं म्हणतात. तरुण म्हणजे साठीच्या आतबाहेरचे. तरुण छताकडे, त्या डांबराच्या डागाकडे बघतात. एकमताने फेरनिवड होते.

पाच ते साडेपाच काका एकटे तिथे काय करतात, याची मला फार दिवस उत्सुकता होती. गेल्या वर्षी विश्वेश्वरय्यांचा फोटो पोचवायच्या निमित्ताने मी पाचलाच गेलो. खुर्च्या मांडलेल्या. काका टेबलामागे, इस्त्रीचा शर्ट, समोर इतिवृत्ताची वही.

"तू सभासद नाहीस," काका म्हणाले. "निरीक्षक म्हणून बस. मागच्या रांगेत."

मी मागे बसलो. पाचला काका उठून उभे राहिले, घसा खाकरला, आणि रिकाम्या खुर्च्यांना स्पष्ट आवाजात म्हणाले, "सभेचं कामकाज सुरू करत आहे. गणसंख्या पूर्ण नसल्यामुळे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे." मग जरा थांबले, डावीकडून उजवीकडे सगळ्या रांगा पाहिल्या. "कुणाची हरकत?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी ती विचारात घेतली नाही. खाली बसून वहीत लिहिलं, उपस्थिती एक, निरीक्षक एक. ‘निरीक्षक’ हा शब्द लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं वाटल्यासारखं दिसलं, किंवा मला तसा भास झाला असेल.

मग त्यांचं लक्ष मी भिंतीवर टांगलेल्या फोटोकडे गेलं. मान एकदा इकडे, एकदा तिकडे झाली. हात पिशवीत गेला.

मी उठून पंखा बंद केला.